छबीची तहान

“आजे, पाणी…”

दौंडच्या फलाटावर त्र्याहत्तर साली ऐकलेला छबीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. रिकाम्या रांजणात कुणी बोलावं तसा. पाच वर्षांची पोर. माझ्या बाकाला पाठ लावून तिची आई अंजना आणि आजी तुळजाबाई, म्हणजे अंजनाची सासू, पुण्याच्या गाडीची वाट बघत होत्या.

“आत्याबाई, घरनं निघाल्यापासनं कितींदा तांब्या भरला!”

“तिची तहान न्हाईच ती. डोहातल्या साती आसरांनी धरलंय पोरीला. त्यांची तहान कवा भागंल व्हय?”

“डॉक्टर म्हणलं, आजारच हाय. लई थोड्या लेकरांना व्हतो. सारखी तहान लागती, कान वाहतो, डोळा असा फुडं येतो.”

“आन् बरी व्हती का?”

“तोच असंल तर पुण्यात औषध हाय म्हणं. आधी डोक्याचा फोटू काढत्यात. आजार हाड खातो, भोकं पाडतो.”

“फोटू नगं.”

“दुखत न्हाई वो त्यानं.”

“दुखायचं न्हाई गं. त्यात काय दिसंल ते मला ठावं हाय.”

“तुम्हाला कसं ठावं?”

तुळजाबाईंनी छबीला मांडीवर ओढून घेतलं.

“बोला की, आत्याबाई! गाडी आली बघा.”

“दिवाळीत हिच्या डोक्याला तेल लावताना बोट आत गेलं माझं. तान्ह्या लेकराच्या टाळूवानी मऊ. वाटलं, जिथनं आली तिकडंच माघारी निघाली पोर. तोंडानं बोलले, तर खरंच जाईल. म्हणून कुणालाच न्हाई सांगितलं. आण तुझा हात… हितं.”