मालक दारात, मालक स्क्रीनवर

शपथेवर सांगतो, पाहुणे, यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि मी काही त्या वेळी त्या खोलीत नव्हतो. म्हणजे होतो, पण मधे काच होती, आणि काचेला आतून प्लॅस्टर चिकटलेलं, तेव्हा अर्धं पाहिलं आणि अर्धं ऐकलं असं धरून चला. बसा ना. कंप्युटर सांभाळणाऱ्या कंपनीचे ना तुम्ही, फोनवर तुम्हीच होतात ना सकाळी? आवाजावरून मला वाटलं होतं, चांगले पोक्त असाल. असो. मालक बाहेर अंगणात डॉक्टरांना फोन करतायत, ताई हात धुवायला गेल्यात, तोवर तुम्ही माझ्याकडून ऐकून घ्या — कारण मालक सगळ्यांसमोर म्हणालेत, ज्याच्या हातून हे झालं तो उद्यापासून इथे नको. आणि त्या कंप्युटरवर कोण बसतं? ताई बसतात. दुसरं कोण बसणार? म्हणून म्हणतो, आधी नीट ऐका, मग काय ते मालकांना सांगा.

आमचं काम तुम्हाला माहीत नसणार. कवळ्या. डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात, मी त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढतो, ताई तो साचा कंप्युटरात घेतात, दात बसवतात, आणि पलीकडचं ते मशीन — ते कोपऱ्यातलं, मुकाट उभं आहे ना आता — ते दात कोरून काढतं. म्हणजे त्या कंप्युटरात किती लोकांचे जबडे असतील, विचार करा. ताईंचं असं आहे, की रस्त्यात माणूस भेटला तर त्या चेहऱ्याने ओळखत नाहीत, तो हसला की ओळखतात. एकदा एका लग्नात नवऱ्यामुलाच्या आजोबांना त्यांनी नुसतं जांभई देताना — बरं, ते राहू द्या, तुम्हाला घाई आहे.

आता आमच्या मालकांची एक सवय आहे. घरी बसून ते ताईंच्या कंप्युटरात शिरतात. कसला तरी प्रोग्रॅम टाकून घेतलाय — घरच्या खुर्चीत बसायचं आणि इथल्या स्क्रीनवरचा माउसचा बाण हलवायचा. फोन नाही, निरोप नाही. एखादी फाईल उघडून बघायची, एखादी दाढ उगाच जरा डावीकडे सरकवायची आणि निघून जायचं. तर ताईंनी आपली एक रीत पाडून घेतलीय: बाण आपोआप हलायला लागला की माउसवरचा हात काढायचा, मांडीवर ठेवायचा आणि गप्प बसायचं. मोठं माणूस खोलीत आलं की आपण खुर्चीवरून उठतो ना, तसं. इथे सगळे तसंच करतात. पॉलिशवाला तर बाण हलला की तोंडातली सुपारी थुंकून येतो.

तर आज सकाळी बाण हलला. ताईंनी हात मांडीवर. मनात म्हणाल्या, आज साहेब लवकर उठले. आता मालकांचा बाण कसा असतो, तर चष्मा शोधणाऱ्या माणसासारखा — इकडे जातो, तिकडे जातो, मधेच थांबतो, आपण इथे कशाला आलो होतो असं त्याला वाटतं. हा तसा नव्हता. हा सरळ चालला होता, खाटखाट. ताईंना जरा नवल वाटलं, पण त्यांनी स्वतःची समजूत घातली, साहेबांनी नवा नंबर काढून घेतला असेल डोळ्यांचा. बाण गेला तो थेट मोठ्या साठ्यात — जिथे लॅबचं सगळं ठेवलेलं असतं, वर्षानुवर्षांचं. तिथे पासवर्ड लागतो. तो त्याला ठाऊकच असणार, चोरच तो — टाकला आणि शिरला आत. आणि मग एकेका फाईलचं नाव बदलायला लागलं. आधी पेशंटचं नाव, मग नुसता अक्षरांचा चिवडा. ताई आपल्या बघतायत, की साहेबांनी आज आवराआवर काढलेली दिसते. चांगलं आहे, कधीतरी आवरायला हवंच होतं.

आणि तेवढ्यात मालक आले. कुठे? दारात. अख्खे. पायपुसण्यावर बूट पुसतायत. ताईंनी मालकांकडे बघितलं, मग स्क्रीनकडे बघितलं, तर बाण चाललाय. परत मालकांकडे बघितलं. दोन्ही हात खिशात. मग त्यांनी काय विचारावं? म्हणाल्या, ‘साहेब, हे तुम्हीच ना?’ मालक म्हणाले, ‘मग कोण असणार?’ ‘नाही, म्हणजे हे इथले, स्क्रीनवरचे.’

मालक दारात आणि मालक स्क्रीनवर. मी काचेतून बघत होतो, ताईंचा चेहरा माझ्या प्लॅस्टरसारखा. पण बाई ओरडली नाही. कपाटाच्या दाराला तुमचा नंबर चिकटवलेला आहे, तो फिरवला. आणि मालकांनी काय केलं? मालक बटणाकडे धावले. मालकांचा सगळ्यावर एकच इलाज, बंद करा आणि परत चालू करा. मशीन अडकलं, बंद करून चालू करा. माझ्याशी भांडण झालं तेव्हाही मला घरी पाठवून सकाळी परत बोलावलं होतं. आणि तुम्ही तिकडून सांगताय की बंद करायचा नाही, बंद केला तर चोराच्या खुणा कंप्युटरच्या डोक्यातून पुसल्या जातील, फक्त त्याला सगळ्यांपासून तोडा. ताई तुमचं वाक्य न् वाक्य मोठ्याने म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणता मालक आणि बटण यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

‘साहेब, हात लावायचा नाही.’

‘अहो, कंप्युटर माझा आहे.’

‘असू द्या. फोनवरचे नको म्हणतायत.’

‘फोनवरचे कोण लागून गेले?’

‘तुम्हीच नेमलेले.’

मालकांना उलट बोलताना मी ताईंना इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही. मालकांनीही नसावं, कारण ते खाली बसले. मग ताई टेबलाखाली शिरल्या, केबल काढायला. पहिली ओढली ती पंख्याची. दुसरी दिव्याची. तिसरी बरोबर निघाली, बाण थांबला, ताई टेबलाखालून बाहेर आल्या — आणि परत चालू. का, तर केबल गेली म्हटल्यावर तो शहाणा कंप्युटर आपणहून वायफायला जाऊन चिकटला. तुम्ही म्हणालात, तेही बंद करा. आता ते बंद करायचं तर बाण कोपऱ्यात न्यायला हवा, आणि बाण तर चोराच्या हातात. मग जी ओढाओढ लागली म्हणता. ताई बाणाला खाली ओढतायत, तो वर पळवतोय. आणि खरी गंमत सांगू का, सवय इतकी पक्की, की बाण जोरात हलला की ताईंचा हात आपोआप मांडीवर जायचा. मग जीभ चावून परत माउसवर. शेवटी मीच तिकडे माझ्या खोलीत स्टूलवर चढलो आणि वायफायचा डबा भिंतीतून उपटला. सगळ्या लॅबचं इंटरनेट गेलं. ते कोरणारं मशीन कोणा आजोबांच्या पुढच्या दातांवर थांबलंय, त्यांनी काही दिवस दाढांनी हसावं. पण बाण थांबला. अगदी स्क्रीनच्या मधोमध, माशी मेल्यासारखा.

मग तुम्ही म्हणालात, स्क्रीनचा फोटो काढा. फोटो काढला, त्यात मालकांचं पोट आलं. परत काढला, पोट होतंच. मालकांना सरकवून काढला तेव्हा कुठे स्क्रीन आली. मग हिशेबनीस आले धावत, म्हणे माझ्याकडे कंप्युटरची मोठी चावी आहे, माझ्या खात्याने सगळी कुलपं उघडतात, मी आत जाऊन बघतो किती नुकसान झालं. ताई म्हणाल्या, तीच चावी बघायला तो टपून बसला असेल, तुम्ही जागेवर जा. मला म्हणाल्या, सगळ्यांना तोंडी सांगून या, कोणी मेल उघडू नका, मेलवर काही पाठवू नका. मी टेबलाटेबलावर जाऊन सांगितलं, चोर आलाय आणि तो मालकांसारखा दिसतो. कोणी माझं ऐकेना. सगळे म्हणाले, आज याच्या थापा लवकरच सुरू झाल्या. शेवटी ताईंनाच दारात येऊन नुसती मान हलवावी लागली, तेव्हा विश्वास बसला. माझ्या वाट्याला हे नेहमीचंच.

तर असं झालं. आता यात ताईंची चूक कुठे आहे, तुम्हीच सांगा.

काय म्हणालात? पासवर्ड त्याला ठाऊक कसा? चोराला काय, चोरांना असतं ठाऊक. नाही, कुठे लिहून चिकटवलेला नव्हता. नाही, मालकांनीही सांगितलेला नसणार, त्यांना स्वतःलाच आठवत नाही. — त्याने काय फरक पडतो पण? कंप्युटर तोडलाय, बाण मेलाय, झालं ना.

थांबा, जरा सावकाश. काय म्हणता, चोराने पासवर्ड कुठून तरी आपला आपण मिळवला असेल तर अजून कुठे दार उघडं आहे ते शोधत बसायला लागेल, आणि इथूनच घेतला असेल तर… तो पासवर्ड अजून कुठे चालतो, असं विचारताय? डॉक्टर मापं पाठवतात तिथे चालतो. पलीकडच्या गल्लीत आमची दुसरी लॅब आहे, तिथे चालतो. हो, तोच. आमच्याकडे सगळीकडे एकच, मालक विसरतात म्हणून. तिथलं चालू आहे की. तिथे कोणी काही सांगितलेलं नाही. म्हणजे आपण इथे बोलत बसलोय आणि तो तिकडे…

बरं. मग ऐका, आणि मालक आत यायच्या आधी ऐका. चौकट आली होती. पासवर्ड विचारत. बाण तिथे जाऊन थांबला. ताईंना वाटलं, विसरले साहेब. रोजच विसरतात, आणि रोज ताईच इथून टाइप करून देतात, मग बाण पुढे जातो. तसा आजही ताईंनी दिला. सावकाश, एकेक अक्षर, साहेबांना घाई होऊ नये म्हणून. चोराला ठाऊक होता, हे तेवढं मी रचलं. बाकीचं घडलंय, पोट जरा वाढवलं असेन. आणि ताईंनी मला हात धुवायला जाताना बजावून सांगितलं होतं, की पाहुणे आले की पहिल्यांदा पासवर्डचं सांगा, मी दिला म्हणून सांगा. मी हो म्हटलं आणि तुम्हाला कवळ्यांपासून सुरुवात केली. मला वाटलं, बाईची नोकरी… इतकी वर्षं शेजारी काम केलंय, पाहुणे, साचा माझा आणि दात त्यांचे.

लावा, दुसऱ्या लॅबला फोन लावा. मेल नको. केबल काढा म्हणावं, आणि वायफायही, नाहीतर ते —

या, मालक. नाही, मी काही सांगत नव्हतो. ताई, तुम्हीच बोला. मी गप्प बसतो.