बसायचा पाय

मीरिम : पाय पिशवीत घालून परत आणतात का, ओरमोन आके? मी काय चपलांचं दुकान मांडलंय?

ओरमोन : ठेव तुझ्याकडे. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मीरिम : कसा पडेल? तुमच्या मांडीचा साचा घेऊन केलाय मी तो. दुखतो का? घासतो?

ओरमोन : नाही. चांगला आहे.

झुउरा : चांगला आहे म्हणे! अहो, सांगा की तिला. एवढा घाट उतरून नार्यन शहरात हिच्या कार्यशाळेत आलो, ते काय तोंडाला कुलूप लावून बसायला?

ओरमोन : म्हातारे, गप्प बस.

झुउरा : जन्मभर बसले, आज नाही बसणार. मीरिम, तू ऐक. दिराच्या घरी जेवण होतं. सगळे खाली, जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती मांडी घालून. ह्यांचा हा पाय काही आडवा होईना. ताठ पुढे! पाऊल थेट मधे मांडलेल्या नान-रोटीकडे. नानकडे पाय करून चार माणसांत कुणी बसतं का गं?

मीरिम : कुणी काही बोललं?

झुउरा : बोललं असतं तर बरं झालं असतं. जावेनं हळूच पावलावर टॉवेल टाकला. मायेनंच टाकला, पण ह्यांच्या जिवाला लागलं. बर्फात ट्रक उलटला, पाय गेला, तेव्हा हे रडले नाहीत. त्या दिवशी घरी येऊन रडले. तेव्हापासून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर एकटे जेवतात. आणि शनिवारी आमची लेक आयजान सासरी जायची!

ओरमोन : दस्तरखानाशी बसून आशीर्वाद माझा भाऊ देईल.

झुउरा : बाप जिवंत असताना?

ओरमोन : मग काय, व्याह्यांसमोर नानला लाथ दाखवत देऊ?

मीरिम : आके, मला आधी का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, चालता आलं की पुरे.

ओरमोन : फुकट मिळालेल्या पायात खोड काय काढायची?

मीरिम : हेच! सगळे हेच म्हणतात, आणि पायांचे पैसे देणाऱ्या वरच्या साहेबांना वाटतं, सगळं झकास चाललंय. मी फोन केला होता त्यांना. म्हटलं, मांडीखाली फिरणारा सांधा पाठवा. तर म्हणाले, पाय चालायला दिलाय, बसायला नाही. त्या एका सांध्याची किंमत अख्ख्या पायापेक्षा जास्त आहे.

झुउरा : म्हणजे संपलं.

मीरिम : संपलं कसलं! हे बघा. मीच केलाय, मोटारीच्या जुन्या बेअरिंगमधून. हे बटण दाबायचं, पाय आडवा फिरवायचा, झाली मांडी. उठताना सरळ केला की खट्कन अडकतो.

ओरमोन : कुणाला लावून बघितलास?

मीरिम : टेबलाला. माणसांत तुम्ही पहिले.

झुउरा : अगं बाई! प्रयोग करायला माझाच नवरा सापडला?

मीरिम : मी धरते ना. लावू, आके?

ओरमोन : लाव.

(मीरिम पायात सांधा बसवते आणि तो पाय ओरमोनला लावते. ओरमोन भिंतीला धरून खाली लोकरीच्या जाजमावर बसतो.)

ओरमोन : दाबलं. फिरवतो... अरेच्चा!

झुउरा : बसली! अहो, मांडी बसली तुमची!

ओरमोन : ओरडू नकोस, मला दिसतंय.

मीरिम : आता सरळ करा. खट् ऐकलंत? उठा. सावकाश.

ओरमोन : उठलो. भिंत सोडतो...

झुउरा : अगं धर, धर! पडले!

मीरिम : धरलंय! कुठं लागलं, आके?

ओरमोन : कोपराला. काही नाही. काय मोडलं?

मीरिम : आतली खीळ वाकली. लोखंड मऊ निघालं, वजन पेललं नाही.

झुउरा : पुरे झालं. चला घरी. कंबर मोडून घेऊन लेकीला निरोप द्यायचाय का? खुर्चीवर बसून द्या आशीर्वाद. कुणी नावं ठेवली तर मी बघून घेईन.

मीरिम : झुउरा आपा बरोबर बोलतायत. घाई माझी झाली. ट्रकच्या व्हॉल्व्हचा दांडा आहे माझ्याकडे, चांगलं पोलाद आहे. तो घासून खीळ करते. पण आधी वाळूची पोती लादून बघणार, मगच तुम्हाला लावणार. शनिवारपर्यंत होईल असं वचन नाही देत.

ओरमोन : होईल.

मीरिम : आणि नाही झालं तर?

ओरमोन : तर पुन्हा पडेन. पोरी, मांडीवर हात ठेवून बसलं की कसं वाटतं, ते मी विसरून गेलो होतो. कानस कुठाय? मी घासतो, तू माप धर.

झुउरा : अहो, घर पाहुण्यांनी भरलंय! मुलीचा बाप कुठं म्हणून विचारतील, त्यांना काय सांगू?

ओरमोन : सांग, बसायला शिकतोय.