एक रिंग म्हणजे थांबा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आजचे सत्कारमूर्ती बुवा, पहिल्या रांगेतल्या बुवांच्या सौ., म्हणजे आमच्या वहिनी, आणि आमच्या भक्तिकेंद्राच्या श्रोतेहो! मागे ऐकू येतंय ना? रेडिओवाल्यांच्या समारंभात नेमका माइकच दगा देतो, असा आमचा जुना अनुभव आहे.

बुवा आज निवृत्त होताहेत. मग उद्या पावणेसातला आरती कोण म्हणणार? सकाळपासून फाटकावर मला दुसरं कोणी काही विचारलेलं नाही. सांगतो, पण आधी बुवांविषयी.

त्यांना 'बुवा' केलं कोणी? आम्ही नाही. आमच्या हजेरीपटावर ते आजतागायत 'ध्वनितंत्रज्ञ' आहेत. काचेपलीकडे बसून बटणं फिरवायची आणि तोंड उघडायचं नाही, हे त्यांचं काम. अकरा वर्षं त्यांनी ते चोख केलं. मग एका सकाळी आरती चालू असताना संगणक मध्येच अडकला. निवेदक चहाला गेलेले. अर्ध्या मिनिटात फोन खणाणला. एक आजी म्हणाल्या, "अहो, मी ताट धरून उभी आहे! अर्ध्या आरतीत खाली कसं ठेवू? म्हणा की पुढचं कोणीतरी!"

बुवांनी माइक उघडला आणि पुढचं म्हटलं. आवाज कसा होता? सत्कारमूर्ती समोर बसलेत, म्हणून एवढंच म्हणतो की भक्ती भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा ती सुरेल ध्वनिमुद्रित आरती लावली, तर तक्रारीच तक्रारी. "तो गायक फार वर जातो हो, आमचा दम पुरत नाही. कालचे बुवाच द्या. त्यांच्यासोबत आमचाही आवाज बरा वाटतो." झालं! बुवा रोज गाऊ लागले.

इथवर माझी हरकत नव्हती. पण माणूस समक्ष गातोय म्हटल्यावर लोक सांगू लागले, "जरा थांबा, कापूर पेटत नाहीये." "सूनबाई अंघोळीला गेल्यात." बुवांनी परस्पर नियमच करून टाकला. फोनचा आवाज बंद, नुसता लाल दिवा. एक रिंग म्हणजे थांबा, दोन म्हणजे चालू द्या. दिवा लुकलुकला की बुवा तेच कडवं पुन्हा घेणार! पाच मिनिटांची आरती एकदा बावीस मिनिटं चालली. त्या दिवशी 'संयम' या विषयावर बोलायला आलेले प्रवचनकार बाहेरच्या बाकावरून उठून तडक निघून गेले.

मी केंद्रप्रमुख. मी बुवांच्या हातात मेमो ठेवला आणि फोन उचलून माझ्या केबिनमध्ये नेला. दुसऱ्या दिवशी आरती बरोबर पाच मिनिटांत आटोपली. खुशीत घरी जेवायला गेलो, तर पाटावर बसताच आई म्हणाली, "आज बुवा थांबले नाहीत रे. तीनदा रिंग दिली. मी कंबर धरून उठेपर्यंत आरती संपलीसुद्धा. कोण गाढव बसवलंय तिथे?"

ते गाढवच पाटावर बसलंय, हे सांगायचा मला धीर झाला नाही. फोन दुपारीच जागेवर गेला. मेमो मात्र मी कधी मागे घेतला नाही. लाज वाटली, दुसरं काय? बुवा, आज सगळ्यांदेखत मागे घेतो. चुकलो मी.

तर, उद्याचं काय? आम्ही बुवांना म्हटलं, तुमची आरती ध्वनिमुद्रित करून ठेवू. ते म्हणाले, "साहेब, तिला थांबता कुठे येतं?" आम्ही गायक शोधले. सुरेल पुष्कळ मिळाले, थांबायला कोणी तयार होईना. तेव्हा उद्यापासून आरती मी म्हणणार आहे. हसू नका! महिनाभर बुवा मला शिकवताहेत. काल त्यांनी शेराही दिला, "लोक चालवून घेतील."

आपण सारे आलात, केंद्र आपलं ऋणी आहे. आजच्या बोलण्यातलं अधिकउणं आणि उद्याच्या गाण्यातलं बेसूर, दोन्ही एकदमच पदरात घ्या.

आणि वहिनी, एकोणीस वर्षं बुवा घरोघरच्या आरतीला होते, फक्त तुमच्या घरच्या नव्हते. उद्या ते तुमच्या शेजारी उभे राहतील. वात नीट लागू द्या, घाई करू नका. एक रिंग द्या. मी थांबतो.