रिकामी गोफण

जाळी बांधायला आलात तर जाळी बांधा की, पाव्हणं — ते सोडून त्या गोफणीचं काय झालं म्हून म्हाताऱ्याला कशाला उकरताय? खाली आमच्या सूनबाईनं, सुषमानं, कान भरले असतील — गच्चीवर मामा हायेत, गोफण मारायचे, आता काढून घेतलीया. व्हय ना? वाटलंच. हसू नगा. बसा त्या कठड्यापाशी. बिरदेव, आमचा ल्योक, तुमच्या मशिनीची वायर आणायला यवतला गेलाय, तवर तुमचं बी काम अडलंय. सांगतो, पर एकदाच.

हे पारवं काय आजचं न्हाईत. बंगला बांधला, वर पानी तापवायचा सोलार बसवला, तवा आमच्या आधी त्यांनीच वास्तुशांत केली. सोलारखाली सावली, वारा न्हाई, मांजर न्हाई — आनखी काय पायजे? सुषमानं कुरडया वाळत घातल्या की ह्ये शिटलेच समजा. मग आमच्या बिरदेवनं काय करावं? पुण्यातनं प्लॅस्टिकचं घुबड आणलं. म्या म्हनलं, आरं घराच्या डोक्यावर घुबड कोण बसवतं? तर म्हनतो, आबा, मोबाईलवर दाखवलंय. तिसऱ्या दिशी पारवा त्या घुबडाच्या टकुऱ्यावर बसून घुमत हुता! मग सिनेमाच्या जुन्या सीड्या टांगल्या, चमकीच्या पट्ट्या बांधल्या — बंगला कसला, वरातीचा टेम्पो दिसायला लागला.

तवा म्या गोफण काढली. बाजारातली नव्हं हां. कवठे येमाईला मेंढरं हुती आमची, साठ-सत्तर. ती इकली त्या साली शेवटच्या लोकरीचा दोरा काढून गिताबाईनं वळलेली — आमची मालकीण, आता न्हाई ती. त्या गोफणीवर म्या वीस वर्सं ज्वारी राखली. माळ्यावर उभा राह्यलो की आख्ख्या पट्टीत पाखरू उतरत नव्हतं. आन् आता कुठं हाय ती? सुषमाच्या कपाटात, साड्यांच्या खाली, कुलपात. चार म्हैने झाले.

कशापायी म्हंजी? सांगतो ना, मधी बोलू नगा. मे म्हैन्यातली दुपार. बिरदेवनं सोलारची टाकी धुवायला रिकामी केली, आन् तेवढ्यात लाईट गेली ती दोन दिस न्हाई. समदं कोरडं ठण्ण, वरनं ऊन नुसतं भाजतंय. बाराच्या टिपणाला लाईट आली. म्या हितंच उभा — गोफण गरागरा फिरवली आन् फाडकन् वाजवली — आन् त्याच दमाला सोलारच्या काचनळ्या फुटल्या! एक न्हाई, तीन. सुषमा पळत वर आली. बघती तर म्हाताऱ्याच्या हातात गोफण आन् पायाशी काचा. कुणी बी तेच म्हनंल, म्या बी म्हनलो असतो. "मामा, आता पुरं," म्हनली आन् हातातनं काढून घेतली. रागानं न्हाई हां, रडकुंडीला येऊन. पोरगी चांगली हाय.

पर पाव्हणं, गोफणीत दगुड न्हवताच! रिकामी वाजवलेली. — का म्हंजी? आवाजानं उडत्यात की पाखरं, दगुड कशाला — आता असं बघत बसू नगा. दिसत न्हाई मला. झालं समाधान? दोन सालं झाली, पारवा कुठला आन् नळाची तोटी कुठली, समदं धुरकट. घुमणं ऐकायचं आन् तिकडं तोंड करायचं. दगुड सोडला आन् रस्त्यावर कुणाच्या कपाळात बसला तर? म्हून रिकामी. हे खाली बोलायचं न्हाई, जिना चढू द्यायचे न्हाईत मला. नेम चुकला म्हनत्यात, म्हनू द्या. नेम हाय असं तरी वाटतंय त्यास्नी.

आन् नळ्या कशानं फुटल्या? नळ्या बदलायला मिस्त्री आला हुता, तो हितंच बिरदेवला सांगत हुता — तापलेल्या रिकाम्या नळीत गार पानी सोडलं की फुटणारच, मोटर कुणी चालू केली? म्या ह्या टाकीमागं सावलीत आडवा. डोळे गेलेत, कान न्हाईत. तर बिरदेव काय म्हनला ठावं हाय? "हळू बोला, खाली ऐकू जाईल."

म्या का सांगत न्हाई? सांगितलं की सुषमा इचारणार, मामा, गोफणीत दगुड का न्हवता? मग काय बोलू? त्यानं आपल्या तोंडानं सांगावं. रोज इचारतो, आबा, चहा घेतला का? घेतला बाबा, चहा घेतला.

गाडी वाजली बघा. उठा, लागा कामाला, ताणून बांधा जाळी. आन् म्हातारा काय बोलत हुता म्हून सुषमानं इचारलं, तर म्हना, पारव्यांचं बोलत हुता. माझी माफी तिनं मागायची न्हाईच. ज्यानं मागायची तो वायर घेऊन जिना चढतोय — बिरदेव.