पिचकारीतली हळद

गाडीच्या काचेवर पानी मारनारी पिचकारी बुजली आहे, हे मी सांगतलं तर आमच्या ह्यायले पटलंच नाई.

भाचीच्या साक्षगंधाले बाळापूरले चाललो होतो. काच धुळीनं माखली, रस्ता दिसेना, अन् पानी काई येईना. आमचे हे म्हने, "मोटर जळाली. घरी वापस चाल."

"अन् भाऊ जन्मभर बोलन काय माह्याशी?"

"तुले गाडीतलं काय समजते?"

मी खाली उतरून पदराची पिन काढली अन् पिचकारीच्या भोकात खुपसली. वाळलेलं हळद-कुंकू निघालं. गाडीत येऊन बटन दाबलं, तर बाहेर वाकून पाहनाऱ्या ह्यायच्या तोंडावरच पिवळी धार!

"इथं हळद कोनं थापली?" हे माह्यावरच खेकसले.

दसऱ्याले गाडीची पूजा करतानी ह्यायनं मले हातही लावू देल्ला नव्हता. नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखान्यानंतर कदी घेतलं नव्हतं. त्या दिवशी भर रस्त्यात ठनकावून घेतलं, "पुंडलिकराव!"