दाजी आणि विसरभोळं सर्च

...नाही पण मी म्हणतो, माणसानं संशय घ्यावा तरी किती! तुम्हाला सांगतो, आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करताहेत, आता त्यांना सगळं जगच भिंगातून दिसतं त्याला काय करणार? तर गेल्या महिन्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. घड्याळजीचा हात हो! केसाएवढा स्क्रू चिमट्यातून निसटतोय आणि हा गृहस्थ कुणाला सांगेल तर शपथ! गुपचूप फोनवर शोधलं, 'हात का थरथरतो', आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या टीव्हीवर... आधाराच्या काठ्यांची जाहिरात! ताई म्हणते, "अगंबाई, हे कुणासाठी?" दाजी पांढरेफटक.

मग लेकीकडून, कारण न सांगता, फोनमध्ये एक दुसरंच सर्च घालून घेतलं. "बाबा, तुम्ही काय शोधलं ते हे लक्षातच ठेवत नाही."

"फुकट?"

"फुकट."

"मग यांना मिळतं काय?"

"अहो, जाहिराती असतात, पण फक्त त्या वेळेला विचारलेल्या गोष्टीच्या..." ऐकतंय कोण!

त्यात बातमी आली, त्या कंपनीत कुणीतरी कोट्यवधी गुंतवले, आणि नव्या सोयी आल्या: लांबलचक पानाचा चार ओळींत सारांश, आपण कुठं काय बघतो याच्या मागावर राहणाऱ्या कंपन्यांना अडवणं, आणि एक बटण, दाबलं की फोनमधलंही सगळं साफ! दाजी ताडकन उठले. "विसरायला पैसे कोण देतं? मी उद्या गिऱ्हाईकाचं घड्याळ कुठं ठेवलं ते विसरलो, तर मला देईल कुणी? यांना मिळतं काय?" आता काय बोलायचं, सांगा!

बरं, गप्प बसावं? छे! कंपनीला पत्र: माझ्याविषयी आपल्याकडे कोणती माहिती आहे? उत्तर आलं, "काहीही नाही." दाजी लेकीला म्हणतात, "बघितलंस? कसं सफाईनं बोलतात!" मग परीक्षा सुरू. रोज सकाळी तोच प्रश्न विचारायचा, 'हात का थरथरतो', की आज तरी ते ओळख दाखवतंय का. अकरा दिवस! रोज तेच उत्तर, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर राहिले बाजूला, यांना मिळतं काय याचाच तपास!

आणि बाराव्या दिवशी ताई म्हणाली, "शर्ट बदला, साडेदहाची वेळ घेतलीय डॉक्टरांची." दाजींचा चेहरा! "तुला कुणी सांगितलं? त्या सर्चनं?" "इश्श! महिनाभर तुम्हाला अर्धाच कप चहा देतेय, सांडू नये म्हणून. लक्षात तरी आलं का?"

निघालं काय? थायरॉइड! गोळ्या चालू झाल्या, परवा दाजींनी बायकांचं इवलंसं घड्याळ उघडून जोडलंसुद्धा, आणि दुकानात एकटेच रडले म्हणे.

पण त्या दिवशीचं ऐका. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून होतंय?" दाजींना आठवेना. फोन काढला, पहिल्यांदा कधी शोधलं ते बघायला... कोरा! बटण दाबून स्वतःच साफ केलेला! तेवढ्यात ताई सुरू झाली, "मंगळवार, सहा तारीख, सकाळी वरचं बटण लावताना, निळा शर्ट, आणि त्याआधी आठ दिवस झोप नव्हती, वजन उतरलंय, चिडचिड तर विचारूच नका..."

दाजींनी फोन खिशात घातला आणि मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टर, हिचंच लिहून घ्या."