तोंडातल्या टाचण्या

मुलगा : चुकलीस. परत. मी हवालदार, दारात उभा. "मावशी, मुलगा घरात आहे का?"

आई : आहे की. या, बसा. चहा टाकते.

मुलगा : आई!

आई : अरे, दारात आलेल्या माणसाला हाकलून देऊ?

मुलगा : कोर्टाचा कागद आणलाय का, एवढंच विचारायचं. मग तोंडाला कुलूप. गप्प बसायचा हक्क राज्यघटनेनंच दिलाय आपल्याला.

आई : माझ्यावर वाया गेलाय तो. तुझे बाबा म्हणायचे, ही झोपेतसुद्धा शेजारणीची चौकशी करते.

मुलगा : थट्टा नको. पोलिसांनी भाजीवाल्याला झोडपलं, ते माझ्या फोनमध्ये आहे. तो दवाखान्यात पडलाय, आणि यांनी उलटंच लिहिलंय की चौकातल्या पोरांनी दगडफेक केली. मी तिथे होतो असं तू म्हणालीस, की मीही त्या पोरांत.

आई : पण तू होतासच ना चौकात?

मुलगा : बघ! अजून कुणी विचारलंही नाही!

आई : बरं बाबा. हे ब्लाउज टाचायला घेते. तोंडात टाचण्या धरल्या की मला बोलता येत नाही.

मुलगा : धर. मूठभर धर.

(दारावर थाप.)

हवालदार : काय मावशी, ओळखलंत का? माझी पँट सैल करून दिली होतीत.

मुलगा : कोर्टाचा कागद आणलाय?

हवालदार : तुझ्याशी बोलतोय का मी? फोन दे आणि मोकळा हो.

मुलगा : आधी कागद. फोन आमच्या वकीलबाईंसमोर मिळेल.

हवालदार : फार शहाणा झालास. मावशी, तुम्ही सांगा. परवा संध्याकाळी हा चौकात होता ना?

मुलगा : तिच्या तोंडात टाचण्या आहेत.

हवालदार : मान तर मोकळी आहे? नुसती हलवा... अहो, पँटचं माप घेता घेता तुम्ही मला नणंदेचं अख्खं बाळंतपण ऐकवलंत. आज काय झालं? बऱ्या आहेत का नणंदबाई?

मुलगा : आई, नाही हं.

हवालदार : जुळी झाली होती ना त्यांना? दोन्ही मुलगेच?

मुलगा : आई, श्वास घे. लाल झालीस.

हवालदार : ठीक आहे. चौकीवर भलेभले पोपटासारखे बोलतात. दोघांनाही नेतो.

मुलगा : न्या. कशासाठी नेताय ते लिहून द्या. तोवर वकीलबाईंना बोलावून घेतो, तोही हक्कच आहे आमचा.

हवालदार : हक्क, हक्क! या घरात माणसासारखं कुणी बोलतच नाही का? येतो मी. कागद घेऊनच येतो.

मुलगा : या की. तेव्हा चहा मिळेल.

आई : गेला का?

मुलगा : जिना उतरतोय.

आई : जुळी म्हणे! एकच मुलगी झाली तिला, तीही सात महिन्यांची. किती खोटं बोलतो मेला!

मुलगा : आई, कमाल केलीस! पण हळू, आधी टाचण्या काढ तोंडातल्या.

आई : कुठल्या टाचण्या?

मुलगा : अगं, आत्ता धरल्यास ना?

आई : त्या काय, शिवणाच्या उशीलाच टोचलेल्या आहेत. हात इतके थरथरत होते रे, एकही काढता आली नाही.